लाळशास्त्री

आमच्या सोसायटीतल्या लाळशास्त्र्यांचं खरं नाव आता पोस्टमनलाही आठवत नाही. २५ वर्षं ते उंदराच्या लाळग्रंथीत पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप शोधताहेत. पंप असतो हे जगाला ठाऊक आहे. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊंनी १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंत हा पंप म्हणजेच एक विकर दाखवलं, १९९७ साली त्याबद्दल नोबेलही मिळवलं. ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. पण शास्त्री म्हणतात, "आहे हे कोणीही सांगेल हो. नेमका कुठे, ते बोला."

चिंच दिसली की तुमच्याआमच्या तोंडाला पाणी सुटतं, शास्त्र्यांच्या तोंडून लेक्चर. ग्रंथीतून निघताना लाळ जवळजवळ रक्ताइतकीच खारट असते, वाटेत पट्टेदार नलिका मीठ काढून घेतात. ते काढणारा पंप तोंडाकडच्या बाजूला नसतोच. पेशीच्या तळाशी, रक्ताच्या बाजूला, पटलाच्या घड्याघड्यांत बसलेला असतो. वहिनींनी पैठणी नेसली की शास्त्री निऱ्यांकडे पाहून हरखतात, "अगदी पट्टेदार नलिका!" वहिनी हल्ली याला कौतुक समजतात. इलाज काय?

एकदा रात्री नऊला बेल वाजली. "सापडला! ग्रंथीचा काप तपकिरी झाला, सगळा!" पाकीट लॅबमध्ये राहिलं होतं, म्हणून अर्धा किलो पेढे मी आणले.

सकाळी कंट्रोलचा काप पाहिला. त्यावर पंपाला चिकटणारं प्रतिपिंड घातलेलंच नव्हतं, म्हणजे तो कोरा राहायला हवा. तोही तपकिरी! झालं होतं असं, की पंप असेल तिथे तपकिरी रंग उमटवायला प्रतिपिंडामागे पेरॉक्सिडेज जोडलेलं असतं, आणि लाळग्रंथीत हे पेरॉक्सिडेज मुळातच असतं. आधी हायड्रोजन पेरॉक्साइड घालून त्याला गप्प करावं लागतं. ती पायरी शास्त्री विसरले. २५ वर्षं लाळेत काढलेला माणूस लाळेच्याच विकराला विसरला!

मी पेढ्यांचा विषय काढला. "कंट्रोल फसला की प्रयोग रद्द," शास्त्री गंभीरपणे म्हणाले, "प्रयोग रद्द म्हणजे पेढेही रद्द."

त्यातले सहा त्यांनीच खाल्ले होते.