लादी ओली आहे!

चाळीस वर्षं मी घरात एकच वाक्य बोलत आले : "लादी ओली आहे, पाय उमटवू नका." आणि लेकीकडे अमेरिकेत आल्यावर डॅलसपासून गाडीने एवढं लांब जाऊन, तिकीट काढून मी काय बघितलं? ओल्यात उमटलेले पाय!

टेक्सासमधल्या ग्लेन रोझ गावाजवळ पॅलक्सी नावाची नदी आहे. तिच्या पात्रातून डायनासोर चालत गेले, त्याला झाली सुमारे ११ कोटी ३० लाख वर्षं. तेव्हा तिथे उथळ समुद्राचा काठ होता. शिंपल्यांच्या चुन्याने चिखल असा काही आळला होता, की पाऊल पडलं ते पडलंच. वर गाळ बसला, सगळ्याचा दगड झाला आणि पुढे नदीने वरचे मऊ थर खरवडून टाकले. हे मी धाकट्या नातवाला नीट समजावून सांगितलं. तो म्हणाला, "त्यांची आई ओरडली नाही?"

हे ठसे १९०९ साली पहिल्यांदा नजरेस पडले ते शाळा बुडवून भटकणाऱ्या जॉर्ज ॲडम्स नावाच्या पोराच्या. ही माहिती नातवंडांना द्यायची नाही, असं लेकीने मला डोळ्यांनीच बजावलं.

पाणी ओसरलं होतं म्हणून बरंच दिसलं. तीन बोटांची पावलं तर थेट अंगणातून कोंबडी गेल्यासारखी, फक्त कोंबडी हत्तीएवढी. "ॲक्रोकँथोसॉरस," थोरल्या नातीने सांगितलं आणि माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. लांब मानेच्या शाकाहारी प्राण्याचं पाऊल मात्र जवळजवळ तीन फुटांचं, घंगाळासारखं खोल. त्यात कोमट पाणी साचलेलं आणि पाण्यात बेडकाची शेपटीवाली पिल्लं. झालं! दोघं त्या घंगाळाशी उकिडवी बसली ती उठेनात. अकरा कोटी वर्षं एकीकडे आणि वळवळणारं शेपूट एकीकडे.

मी आपली गौरींच्या पावलांच्या सवयीने बघत होते, की ही आत येतायत की बाहेर चालली आहेत. एका ठिकाणी शाकाहाऱ्याच्या मागोमाग तीन बोटांवाला गेलेला दिसला होता. १९४० साली जीवाश्म शोधणाऱ्या रोलंड बर्ड यांनी त्या वाटेचा मोठा तुकडाच कापून काढला. तो आता न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. तो पाठलाग होता, असं बर्ड यांना वाटे. काहींच्या मते दोघं वेगवेगळ्या वेळी एकाच काठाने गेले, इतकंच. "ते लपाछपी खेळत होते," असा थोरलीने निकाल दिला.

मग तिने विचारलं, "आजी, तुमच्या इंडियात आहेत का डायनासोर?" आता सह्याद्रीचा काळा दगड झाला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला, म्हणजे या पावलांच्या कितीतरी नंतर. पण माहेरची बाजू पडू द्यायची नव्हती. म्हटलं, "आहेत तर! चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला त्यांची हाडं सापडलीत. आणि शी. दगड झालेली."

बेडकाची पिल्लं जागच्या जागी विसरली गेली. "खरी शी?" "खरी. शास्त्रज्ञांनी तपासली, तर आत गवताचे बारीक कण निघाले." टेक्सासच्या नदीकाठी त्या दिवशी महाराष्ट्राची मान जेवढी ताठ झाली, तेवढी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतही झाली नसेल.

निघायची वेळ झाली तर धाकटा काठच्या चिखलात दोन्ही पाय रोवून उभा. एक पाय उचलून त्याने ठसा बघितला, खूश झाला आणि तिथेच फतकल मारून बसला.

"चल रे."

"दगड होईपर्यंत थांबायचं."

"अकरा कोटी वर्षं लागतील, सोन्या."

त्याने थोडा विचार केला. "मग दशमी दे."