मा. गाईडसाहेब, आपण नाटक वाचलंय का?

मा. श्री. गाईडसाहेब,
मुक्काम : परीक्षेच्या आदल्या रात्री, प्रत्येक उशीखाली.



मी विदर्भातल्या आष्टीकडच्या पोरापोरींना मराठी शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर पैसे, आणि पैसे आले तर दिवाळीनंतर. त्यामुळे आपल्यासारख्या कायम नेमणुकीवरच्या ज्येष्ठ सहकाऱ्याला पत्र लिहिणं हे जरा धाडसच आहे. आपण कधी रजा घेत नाही. नॅकची समिती आली तरी घाबरत नाही. जूनमध्ये मी दुकानात मूळ नाटक मागितलं की मालक म्हणतो, ‘येऊन राह्यलं.’ ते दिवाळीपर्यंत येऊनच राहतं. आपण मात्र काउंटरवर आधीच आलेले असता, गुळगुळीत कव्हरात, ‘हमखास यश’ असा टिळा लावून.

आधी अभिनंदन. नाटक बंद पाडायचे प्रयत्न भल्याभल्यांनी केले. इंग्रजांना त्यासाठी 1876 साली कायदा करावा लागला. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आलं, लोकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, आणि 1910 साली सरकारने नाटकावर बंदी घातली. पण त्या बिचाऱ्या सरकारला ते नाटक निदान नीट वाचावं तरी लागलं! तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मागे लागलेल्या सेन्सॉरवाल्यांनाही कुठलं वाक्य कापायचं हे शोधायला संहिता हातात घ्यावी लागली. आपल्याला असला त्रास नाही. आपण नुसतं ‘नाटकाची वैशिष्ट्ये : 1) कथानक 2) पात्रचित्रण 3) संवाद 4) भाषाशैली’ असं छापता आणि नाटक आपोआप बंद पडतं. ना मोर्चा, ना कोर्ट.

आपल्या पोटात महात्मा फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ही आहे. 1855 सालचं. आपण त्याला ‘सामाजिक आशय’ असं शीर्षक देऊन सहा मुद्दे काढलेत. त्या नाटकात काय होतं, ते आपल्याला ठाऊक नसावं, म्हणून थोडक्यात सांगते. एक कुणब्याची बाई गरोदर असते. जोशी दारात येतो, ग्रहांची भीती घालतो, आणि ते जोडपं कर्ज काढून ब्राह्मणभोजनं घालतं. का? तर पोथीत काय लिहिलंय हे त्यांना स्वतःला वाचता येत नाही. दुसरा कुणीतरी वाचून सांगेल तेच खरं. शेवटी नवरा-बायको रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात. हे नाटक मुलांनी स्वतः वाचू नये, तुम्ही वाचून सांगाल तेवढंच पाठ करावं, अशी व्यवस्था आपण केली आहे. त्या जोशीबुवांना आपण ओळखत असालच. एकाच धंद्यातले तुम्ही.

आता जरा आमच्या भागाकडे. महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. आपल्या ‘लेखक परिचया’त त्यांचे पुरस्कार ओळीने छापलेत. पण सिनेमाचं तिकीट न मिळाल्यामुळे हा माणूस नागपुरात विजया मेहतांनी बसवलेलं तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’ बघायला शिरला, हादरला, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसला, आणि मग स्वतः नाटकं लिहू लागला, हे आपण छापत नाही. बरोबर आहे, त्यावर प्रश्न येत नाही. राम गणेश गडकऱ्यांचं जन्मसाल आणि मृत्युसाल आपण ठळक टाइपात देता. ते 1919 साली आमच्या नागपूरजवळच्या सावनेरला वारले, शेवटच्या दुखण्यात ‘भावबंधन’ लिहिण्यात गुंतलेले होते, हे माझ्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. सावनेरला मावशी असलेल्या पोरालासुद्धा.

तर एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’. 1985 साली रंगभूमीवर आलं. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा पडका वाडा, तात्याजी वारलेले, तेरवीला गावजेवण घालायचं की नाही यावरून भावाभावांत धुसफूस, दारात बंद पडलेला ट्रॅक्टर, आणि शिकायचं राहून गेलेली बहीण प्रभा. आपलं याबद्दलचं मत मला पाठ आहे, कारण ते मी अर्ध्या वर्गाच्या वहीत वाचलं : ऱ्हासशील सरंजामी मूल्यव्यवस्थेचे प्रभावी चित्रण. एका पोराला विचारलं, सरंजामी म्हणजे काय रे? तो म्हणाला, ‘मॅडम, ते गाईडात नाही.’

मग एक दिवस गाईड बाजूला ठेवायला लावली आणि पात्रं वाटून नाटक मोठ्याने वाचायला घेतलं. आधी सगळे हसले. नाटकाच्या पुस्तकात आपली बोली छापलेली असू शकते, याचं हसू. मग तेरवीचा खर्च आला आणि वर्ग शांत झाला. संत्र्याच्या बागेवर कर्ज काढून तेरवी केलेली घरं आमच्याकडे शोधावी लागत नाहीत. अप्पर वर्धा धरणात ज्यांच्या आज्याचं गाव गेलं, अशी पोरं पहिल्या बाकावर बसलेली असतात. घर जाणं म्हणजे काय, हे त्यांना मुद्देसूद सांगायची गरज नव्हती. प्रभाचं वाचणारी पोरगी मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘काहून शिकू देल्लं नसन वो तिले?’ त्यावर जे भांडण झालं, त्यात तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही. आपण त्या वेळी बाकाखाली पडलेले होता. माफ करा.

त्याच नाटकात घरातल्या रंजू नावाच्या मुलीला शिकवायला एक मास्तर येतो. रंजू त्याच्याबरोबर घरातले दागिने घेऊन पळून जाते. आपल्या व्यवसायबंधूंपैकी तो मला बराच प्रामाणिक वाटतो, निदान काय नेलं ते घरच्यांना कळलं तरी.

नाटकाचं सोडा, लिहिण्याचं काय केलंत ते बघा. एकदा मी विषय दिला : 16 ऑगस्ट 1942, आष्टी. त्या दिवशी लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला, माणसं पडली, दोन्ही बाजूंची. गावाला आजही शहीद आष्टी म्हणतात. म्हटलं, मोर्चा दाखवू नका, फक्त एका घरातला प्रवेश लिहा. संवाद हवेत. आलेल्या वह्यांमध्ये निम्म्या ‘भारताच्या स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास सुवर्णाक्षरांनी लिहिला गेला आहे’ इथून सुरू झाल्या. त्याखाली प्रस्तावना, महत्त्व, उपसंहार. ज्या गावच्या म्हाताऱ्यांनी ही गोष्ट ओट्यावर बसून सांगितली, त्या गावच्या पोरांनी ती तुमच्याकडून उसनी घेतली.

एका पोरीने मात्र चुलीपाशी बसलेली बाई लिहिली. नवरा ठाण्याकडे गेलाय, सासू म्हणते कडी लाव, आणि ही म्हणते, ‘कडी लावली तं तो आला की खोलन कोन?’ एवढाच प्रवेश, दीड पानाचा, पूर्ण वऱ्हाडीत. मी वर्गात वाचून दाखवला. पोरगी नंतर हळूच विचारायला आली, ‘मॅडम, याचे मार्क भेटतीन का?’

गाईडसाहेब, याचं उत्तर मी आपल्यावर सोपवते. कारण मार्क देणारा माणूस कुठल्या तरी गावात एका दिवसात गठ्ठे संपवत बसलेला असतो, आणि त्याच्या डोक्यातलं ‘आदर्श उत्तर’ आपणच लिहिलेलं असतं.

सगळा दोष आपल्यावर टाकणं अन्यायाचं होईल, हेही कबूल. पाच वर्षांचे पेपर पुढे ठेवून सहावा काढणारे आम्हीच. पानं मोजून गुण देणारेही आमच्यातलेच. पूर्ण वेळ माणसं भरायची सोडून चार कॉलेजांत धावणाऱ्या तासिकावाल्यांवर भाषा सोपवणाऱ्यांचं नाव तर घ्यायलाच नको. आपण फक्त त्या रिकाम्या खुर्चीवर बसलात. आता तर मोबाइलमधला आपला तरुण वारस विचारायच्या आत उत्तर देतो, आणि त्यात ‘सुवर्णाक्षरं’ आपल्यापेक्षा जास्त असतात. आपण लवकरच सेवानिवृत्त व्हाल. पेन्शन मिळो.

आमच्या विद्यापीठाच्या नावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आहेत. त्यांनी लोकांच्या बोलीत लिहिलं आणि खंजिरीवर गायलं. त्या विद्यापीठात नाटकाचा पेपर काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना म्हणून एक विनंती. यंदा ‘वैशिष्ट्ये सांगा’ विचारू नका. मुलांनी कधी न पाहिलेल्या नाटकातलं एक पान छापा, शेवटचे संवाद कापून टाका, आणि पुढचं त्यांना लिहायला सांगा, ज्या बोलीत सुचेल त्या बोलीत. आणि तपासणाऱ्याला लेखी कळवा की त्याचे मार्क द्यायचे आहेत.

आपली,
एक तासिकावाली