मगवंप

मत बदलणाऱ्या माणसाला चिडवायला इंग्रजीत शब्दांची ददात नाही. पण त्यातला माझा लाडका शब्द म्हणजे ‘मगवंप’. नुसता उच्चारला तरी गाल फुगतात.

शब्द मात्र मोठ्या घरचा. मॅसॅच्युसेट्सच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत त्याचा अर्थ सरदार, लढाईतला म्होरक्या. जॉन एलियट या मिशनऱ्याने त्या भाषेत केलेलं बायबल १६६३ मध्ये छापून झालं, त्यात एदोमच्या सरदारांसाठी त्याने हाच शब्द योजला. पुढे गोऱ्यांच्या तोंडी पडून सरदाराचा दीडशहाणा झाला.

मग आली अमेरिकेतली १८८४ ची निवडणूक. रिपब्लिकन पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी जेम्स ब्लेन यांना उभं केलं. रेल्वे कंपन्यांशी असलेल्या त्यांच्या आर्थिक लागेबांध्यांची चर्चा आधीपासून होतीच. त्यात त्यांचं एक जुनं पत्र बाहेर आलं. पत्राच्या शेवटी सूचना होती, वाचून झाल्यावर जाळून टाका. पण ते कुणी जाळलंच नव्हतं! (असल्या सूचना लिहूच नयेत, मजकुरापेक्षा त्याच जास्त वाचल्या जातात.) पक्षातले कार्ल शुर्झ, मार्क ट्वेन यांच्यासारखे लोक सरळ उठले आणि डेमोक्रॅट उमेदवार क्लीव्हलंड यांच्यामागे गेले.

‘न्यूयॉर्क सन’चे संपादक चार्ल्स डाना यांनी या मंडळींच्या कपाळी ‘मगवंप’ चिकटवला. गंमत अशी, की खुद्द डानांना ब्लेनही नको होते नि क्लीव्हलंडही; त्यांचं वर्तमानपत्र तिसऱ्याच उमेदवाराची पालखी वाहत होतं. ब्लेनवर नाराज असलेले सगळेच काही मगवंप झाले नाहीत. तरुण थिओडोर रूझवेल्ट यांना ब्लेन मुळीच पसंत नव्हते, तरी ते पक्षात टिकून राहिले आणि १९१२ मध्ये वेगळी चूल मांडून मोकळे झाले. नंतरच्या विनोदवीरांनी तर मगवंपला पक्षीच करून टाकलं: कुंपणाच्या एका बाजूला तोंड, दुसऱ्या बाजूला बूड.

विनोद फक्कड आहे, पण अन्याय करणारा. ‘तळ्यात की मळ्यात’ करत बसलेली माणसं ही नव्हेत. यांनी मळा सोडून तळ्यात चक्क उडी मारली होती, तीही काठावरच्या निवडणुकीत. न्यूयॉर्क राज्य क्लीव्हलंड यांनी जेमतेम हजारभर मतांनी जिंकलं आणि त्यावरच राष्ट्राध्यक्ष ठरला. जिकडे घुगऱ्या तिकडे उदोउदो करणाऱ्यांना खुशाल दुसरं काहीही म्हणा. मगवंप म्हणायला माझी सक्त हरकत आहे.