पक्षी सप्ताहाचे प्रमुख

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये जो प्रश्न विचारतो त्याच्याच गळ्यात ते काम पडतं, आणि म्हणूनच आमच्या मीटिंगा चहा गार व्हायच्या आत आटोपतात. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीही सेक्रेटरींनी "यंदा आपण पक्षी सप्ताह साजरा करू" असं जाहीर केलं तेव्हा माझ्या तोंडून समोशाबरोबर "म्हणजे नेमकं काय हो?" असं निघून गेलं. समोसा गिळेपर्यंत मी प्रमुख झालो होतो.

प्रमुख म्हटल्यावर अभ्यास आला. तर ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा, या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. चितमपल्लींची नोकरी वनखात्यात झाली, माझी बँकेत. त्यांनी पक्ष्यांचा कोश लिहिला. मला खात्रीने ओळखता येणारे पक्षी म्हणजे कावळा, चिमणी आणि पोपट, त्यातला पोपटही पिंजऱ्यात असला तर.

उद्घाटनाला क्लबहाउसमध्ये माझंच व्याख्यान होतं. मुलांना गोष्ट आवडते म्हणून मी सालिम अलींच्या लहानपणची गोष्ट घेतली: छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, मामांनाही ती ओळखेना, म्हणून मामांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे धाडलं, साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पेच्या कप्पे उघडून दाखवले आणि पोराचं आयुष्यच पालटलं. गोष्ट मी साभिनय सांगितली. विशेषतः बंदुकीचा भाग. पुढे याच माणसाने गावोगाव, रानोरान हिंडून देशभरातल्या पक्ष्यांची पाहणी केली, भरतपूरचं पाणथळ राखायला धडपड केली, सायलेंट व्हॅलीच्या जंगलासाठी शब्द टाकला, हे सगळं वेळेअभावी मी गाळलं, कारण खाली बटाटेवडे आले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉचमनने पार्किंगमधून जप्त केलेल्या बेचक्या माझ्या टीपॉयवर आणून ओतल्या. पाठोपाठ बी विंगमधल्या एक ताई आल्या. "काका, बंदूक हवी म्हणून जेवत नव्हता हो. शेवटी बेचकीवर तडजोड केली."

रविवारी कवडीला जायचं ठरलं होतं. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेवर जुना दगडी बांध आहे, तिथे थंडीत पाहुणे पक्षी उतरतात. पोरं हरवू नयेत म्हणून मी सगळ्यांना 'पक्षी वाचवा' छापलेले टी-शर्ट वाटले, आणि लांबून दिसावेत म्हणून रंग निवडला तो रस्त्याचं काम करणारे घालतात ना, तसला भगभगीत नारिंगी. वाट दाखवायला एक पक्षीनिरीक्षक मुलगी आली होती. तिच्या अंगावर मातकट शर्ट, पायात मातकट बूट, आणि आमची बस रिकामी होताना पाहून चेहराही हळूहळू मातकट. "काका," ती फार सौम्यपणे म्हणाली, "पक्ष्यांना आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात. आपल्याला न दिसणारेसुद्धा." आम्ही बांधाकडे वळलो तशी अलीकडच्या काठावरची सगळी पाखरं एकदमच उठली आणि पलीकडच्या काठावर जाऊन, आमच्याकडे तोंड करून बसली. पक्षी वाचले होते.

कवडीचं पाणी म्हणजे आपणच शहरातून पाठवलेलं पाणी. फेस, वास, चपला, निर्माल्य, कॅरीबॅगा, सगळी आपलीच ओळखीची मंडळी. अशा ठिकाणी लडाखकडून हिमालय ओलांडून चक्रवाक का येत असतील, असं मी विचारलं (सवय जात नाही), तर ती म्हणाली, उथळ पाण्यात, गाळात त्यांना खायला मिळतं, आणि चांगली पाणथळ जागा आपण शिल्लक कुठे ठेवलीय? मग तिने शेकाट्या दाखवला, त्याच्या लांबलचक गुलाबी काड्यांसारख्या पायांसकट. शेपटी वरखाली करत दगडावरून पळणारा धोबी दाखवला. सगळ्यांना दिसले. मला पुतण्याने दिलेल्या भारी दुर्बिणीतून स्वतःच्या पापण्या फार स्पष्ट दिसल्या.

पण प्रमुखाने काहीच दाखवायचं नाही म्हणजे काय! तेवढ्यात पलीकडच्या बाभळीवर मला एक पांढराशुभ्र बगळा दिसला. मी मुलांना जवळ बोलावलं, दबक्या आवाजात बकध्यान म्हणजे काय ते समजावलं, बगळा भक्ष्यासाठी कसा तासन्‌तास निश्चल उभा राहतो, आपणही अभ्यासाला बसल्यावर सारखं पाणी प्यायला उठू नये, वगैरे बरंच पुढे नेलं, आणि पोरांनीही बिचाऱ्यांनी माना डोलवून ऐकून घेतलं. मग वारा सुटला. बगळ्याची बाही फडफडली आणि त्यावर एका साडीच्या दुकानाचं नाव निघालं.

पक्ष्यांसाठी पाणी ठेवण्याच्या मोहिमेबद्दल थोडक्यात सांगतो. मातीची पसरट भांडी गच्चीभर मांडली. रोज घासून पाणी बदलायचं असतं, हे मात्र कुणी कुणाला सांगितलं नाही, म्हणजे मी. डेंग्यूची तपासणी करायला आलेल्या माणसाने प्रत्येक भांड्यात वाकून वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी पाळलेत?"

उरली चिमणी. चिमणीला घरट्याच्या पेटीचं भोक सव्वा इंच पुरतं. सुताराला मी माप सांगायचं सोडून मूठ दाखवली, शिवाय छप्पर उतरतं ठेवतो म्हणाला तर "सपाट करा, वर कुंडी ठेवता येईल" असा सल्लाही दिला. नमुन्याची पेटी आमच्याच बाल्कनीत टांगली. रोज तांदूळ टाकले. चिमण्या येऊन तांदूळ खाऊन जात, पण राहायचं नाव नाही. मागाहून कळलं की पिल्लांना दाणे चालत नाहीत, किडे-अळ्या भरवाव्या लागतात, आणि आमच्या आवारातली झुडपं काढून तिथे फरशी घालण्याचा ठराव ज्याने मांडला होता तो मीच. पेटीच्या सपाट छपरावर मात्र पारव्यांच्या जोडीने चार काटक्या टाकल्या आणि दोन पांढरी अंडी घातली. पारवा मूळचा कड्याकपारीत राहणारा. त्याला आमची सात मजली इमारत हा एक बरा कडा वाटला असावा.

मी काठी शोधू लागलो तर ही म्हणाली, "पक्षी सप्ताहाच्या प्रमुखांनीच घरटं मोडायचं का?" काठीही तिनेच लपवली होती. शिवाय एवढ्या जवळून घरटं दिसतंय म्हटल्यावर अख्खी बालसेना आमच्या हॉलमध्ये वह्या घेऊन मुक्कामाला आली. नर-मादी आळीपाळीने अंडी उबवतात, साधारण अठरा दिवस, हे त्यांनी शोधून काढलं. एक चिमुरडी म्हणाली, पारव्याच्या बाबालासुद्धा दूध येतं. "काहीतरीच!" म्हणून मी तिला दटावलं, तर तिने मातकट ताईंना फोन लावून स्पीकरवर टाकला. येतं म्हणे. दोघांच्याही गळ्याच्या पिशवीत तयार होतं, आणि पिल्लांना पहिले काही दिवस तेच भरवतात. फोन ठेवल्यावर सगळी पोरं माझ्याकडे किंचित निराशेने बघत होती.

काल सगळे घरी गेल्यावर एक वही सोफ्यावर राहिली होती. सुवाच्य अक्षर, समास आखलेला. मी उघडली.

"७.०५. मादी अंड्यांवर. ७.१०. काका दार थोडं उघडतात. मादी बघते. काका दार लावतात. ७.२५. काका पुन्हा. अंगाला साबण. टॉवेल बाल्कनीत दोरीवर. मादी पंख उगारते. काका आत. ७.३०. काकू येतात, टॉवेल घेऊन जातात. मादी शांत.

शेरा: जोडी आता माणसांना रुळली आहे. काका अजून रुळलेले नाहीत."