‘ॲडजस्ट करा’ कसे म्हणावे

इंग्रजीत ‘ॲडजस्ट’ला बहुतेक वेळा कर्म लागतं: टाय, आरसा, घड्याळ. मराठीत आल्यावर त्याला ‘करणे’ चिकटलं आणि कर्म गळालं. काय ॲडजस्ट करायचं ते बोलणाऱ्याने सांगायचं नसतं; ऐकणाऱ्याने ओळखून मुकाट्याने करायचं असतं.

सरावाला मुंबई लोकलचा सेकंड क्लास उत्तम. बाक तिघांचा, पण चौथी सीट हा वहिवाटीने मिळालेला हक्क. तेव्हा विनंतीचा सूर लावू नये, नाहीतर एखादा खरंच ‘नाही’ म्हणायचा. तिसऱ्याच्या खांद्याकडे बघत, तळहाताने हवा खिडकीच्या दिशेने ढकलत ‘जरा ॲडजस्ट करा’ म्हणावं आणि उत्तराआधीच टेकावं. खिडकीवाला डोळे मिटेल, दुसरा मोबाइलमध्ये आणखी वाकेल, तिसरा बोटभर सरकेल. त्या बोटभर जागेवर एक मांडी ठाण्याहून दादरला पोचते. दुसरी पॅसेजमध्ये अधांतरी, आणि उभ्या माणसाची सॅक थेट नाकाशी. तरी याला बसणं म्हणतात. (लेडीज डब्यात आधी ‘कुठे उतरणार?’ विचारून सीट धरून ठेवतात. तो पुढच्या इयत्तेचा विषय.)

पैशांच्या व्यवहारात काळ सांभाळावा. द्यायचे असतील तर भविष्यकाळ: ‘पुढच्या वेळी ॲडजस्ट करू.’ घ्यायचे असतील तर सरळ भूतकाळ: ‘रंगकामाचे डिपॉझिटमधून ॲडजस्ट केलेत.’ घरमालकांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

लग्नाच्या बैठकीत मात्र कर्तासुद्धा गाळावा. ‘आमच्याकडे तसं सगळं मोकळं आहे, थोडं ॲडजस्ट करावं लागतं, एवढंच.’ कोणी, हे वाक्यात कुठेच नाही. तरी सगळ्यांच्या माना मुलीकडे वळतात. मुलीच्या आईचीही. मुलावर तीच वेळ आली तर क्रियापदच बदलतं. नोकरी करणाऱ्या बायकोला त्याने सकाळचा चहा करून दिला की त्याला ॲडजस्ट करणं म्हणत नाहीत, ‘किती सांभाळून घेतो तिला’ म्हणतात, आणि ही बातमी मावशीपर्यंत जाते. तिने मात्र नोकरीची वेळ बदलून घेतली, तर ती बातमीच नसते.

प्रथमपुरुषी एकवचन शक्यतो टाळावं. लग्नघरात रात्री गाद्या कमी पडल्या असताना ‘मी करतो ॲडजस्ट’ असं एकदा तोंडून गेलं, की पुढच्या प्रत्येक कार्यात सतरंजी, शेवटची पंगत आणि टेम्पोत मागे भांड्यांशेजारची जागा आपलीच. विचारतसुद्धा नाहीत कोणी.