एकच बाक

साक्षीदार म्हणजे न्यायाचे डोळे आणि कान, असं समारंभात सांगतात. तालुक्याच्या कोर्टात हे डोळे-कान समन्स घेऊन साडेदहाला हजर होतात आणि व्हरांड्यातल्या एकुलत्या एका बाकावर टेकतात. शेजारी कोण? जामिनावर सुटलेला आरोपी, तंबाखू मळत. "काय पाव्हणं, ऊस गेला का कारखान्याला?" यात धमकी कुठे आहे, सांगा!

बारा वाजता सरकारी वकीलसाहेब येतात, बगलेत फायलींचा भारा. जुना जबाब हातात देत म्हणतात, "वाचून घ्या. घाबरू नका." जबाब पोलिसी मराठीत, 'सदर इसम' नेमका कोण, हे ज्याचा जबाब त्यालाच कळत नाही. तेवढ्यात बचावाचे वकील आजारी पडतात. पुढची तारीख. भत्त्याचं विचारलं तर एसटीचं तिकीट जपून ठेवलंय का, हा उलट प्रश्न.

कागदावर कसलीच कमी नाही. महाराष्ट्राचा साक्षीदार संरक्षण कायदा २०१७चा. सर्वोच्च न्यायालयाने मंजूर केलेली देशव्यापी योजना २०१८ची. साक्षीदार आणि आरोपी समोरासमोर येऊ नयेत, असं त्या योजनेत लिहिलंय.

इथे ते पाळलंच जातं म्हणायचं. समोरासमोर कुठे, शेजारी-शेजारी बसवतात.