पाव मिलिमीटरची प्रतिष्ठा

जुन्या आरएक्स हंड्रेडचा मालक पिस्टन घ्यायला एकटा कधीच जात नाही. बरोबर दोन मित्र असतात. दोघांकडेही टू-स्ट्रोक गाडी नसते, मतं मात्र असतात. एकाचं म्हणणं, घ्यायचा तर फोर्ज्ड घे. दुसऱ्याला जपानी सोडून बाकी सगळं भंगार वाटतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या नाना पेठेत काउंटरवर हे त्रिकूट येतं, तेव्हा दुकानदार एवढंच विचारतो, “साइज काय?”

तिघंही एकमेकांकडे बघतात.

१९८५ साली आलेली आणि १९९६ला बंद झालेली ही यामाहा. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५०. हिशेब केला तर ९८ सीसी. म्हणजे नावात शंभर, पोटात अठ्ठ्याण्णव. मातीत उधळून, धूळ खाऊन सिलिंडर झिजला की मिस्त्री तो बोअर करतो आणि मोठा पिस्टन घालतो: पॉइंट पंचवीस, पॉइंट पन्नास, पंचाहत्तर आणि शेवटी पूर्ण एक मिलिमीटर. यातल्या दुसऱ्या पायरीला इंजिन १००.१ सीसीचं होतं. नाव खरं करायला बिचारीला दोनदा दुखणं काढावं लागतं! शेवटच्या पायरीला १०२. एकूण कमाई चार सीसी. पण “बोअर वाढवलाय” हे मालक असं सांगतो, की ऐकणाऱ्याने हेल्मेट शोधावं.

फोर्ज्ड पिस्टन मजबूत असतो, यात वाद नाही. पण तापल्यावर तो साध्या ओतीव पिस्टनपेक्षा सहसा जास्त फुगतो, म्हणून त्याला मोकळीकही जास्त लागते. थंड असताना तो खडखडतो. आणि आपला शौकीन सकाळी पहिल्या किकला गल्ली उठवल्याशिवाय गाडी काढत नाही. सिलिंडर अजून थंडच, पिस्टन मात्र तापून फुगलेला. मग पिस्टन धरतो आणि दोष कंपनीला लागतो.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनकडे दारवानाचंही काम असतं. सिलिंडरच्या भिंतीतले पोर्ट त्यानेच झाकायचे, त्यानेच उघडायचे. रिंग फिरून तिचं टोक पोर्टमध्ये अडकू नये म्हणून खाचेत छोटी पिन असते. ‘दिसायला तसाच आहे’ म्हणून दुसऱ्याच गाडीचा पिस्टन बसवणारे ही पिन बघत नाहीत. रिंग तुटल्यावर बघतात.

आणखी एक गंमत, पिस्टन गोल नसतो. किंचित लंबगोल, वर निमुळता. तापल्यावर आकाराला येतो. त्यामुळे मित्राने व्हर्नियर डोक्यावर धरून सांगितलेलं माप कामाचं नाही. मायक्रोमीटर खाली स्कर्टवर, गजन पिनच्या काटकोनात लागतो. सिलिंडरही वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांनी मोजायचा.

वायझेड १२५सारख्या खऱ्या डर्ट बाइकवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्या सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर असतो. आपल्या लोखंडी लायनरसारखा तो लेथवाल्याकडे टाकून चालत नाही. पिस्टन ए, बी, सी अशा अक्षरांनी मिळतात, आणि दोन अक्षरांत फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याचा. इथे मतांना जागाच उरत नाही, म्हणून मित्रांची फार पंचाईत होते.

दुकानात नेण्याजोगा खरा जाणकार म्हणजे जुना पिस्टन. इनटेकच्या बाजूला उभे बारीक ओरखडे असले तर एअर फिल्टरमधून धूळ गेलेली. एक्झॉस्टकडे ॲल्युमिनियम फासल्यासारखं दिसलं तर मिश्रण पातळ किंवा इंजिन फार तापलेलं. चारही कोपऱ्यांवर घासलेला असेल, तर मोकळीक कमी पडली किंवा गरम होण्याआधीच रेस दिली. हे कारण काढलं नाही, तर जपानी पिस्टनही त्याच वाटेने जातो.

तेव्हा आधी सिलिंडर मोजून घ्या, मग पिस्टन विकत घ्या आणि ब्लॉकबरोबर तोच पिस्टन लेथवाल्याच्या हातात द्या. बोअर त्या पिस्टनच्या मापाने होऊ दे. बसवताना डोक्यावरचा बाण एक्झॉस्टकडे करा, सर्क्लिप नव्या घाला. मित्रांना चहा पाजून घरी पाठवा.